जावईबापूंना खान्देशात गाडी चालवायची असेल तर

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. माहेर फैजपूरचं, नवरा नेदरलँड्सचा. तिकडे तो वर्षानुवर्षं गाडी चालवतोय, एकही अपघात नाही. आता वर्षभरासाठी तुम्ही दोघं जळगावला राहायला येताय आणि त्याला इथे स्वतः गाडी चालवायची आहे. तुमचे वडील म्हणतात, "ड्रायव्हर ठेवा, जवाईले स्टेरिंगवर बसवू नका." तुम्हाला विचारायचंय, हे जमण्यासारखं आहे का, आणि शिकवायचं तर सुरुवात कुठून करायची.

जमतं. जळगावात ड्रायव्हिंग स्कूल चालवताना बाहेर देशात गाडी चालवून आलेली बरीच माणसं माझ्या हाताखालून गेली. त्यात अमेरिकेहून सुट्टीवर आलेली आपली मुलं होती, कंपनीच्या कामाला आलेले परदेशी इंजिनियरही होते. यांचा हात चांगला असतो. क्लच, ब्रेक, आरसे, पार्किंग, काही शिकवावं लागत नाही. नडतं ते एकच. 'आता नंबर माझा आहे, समोरचा थांबणारच' हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. तिकडे समोरचा खरंच थांबतो. इथे थांबायचं की नाही हे तो तुमच्या गाडीकडे बघून ठरवतो, आणि तेही अगदी शेवटच्या क्षणी. तुमची गाडी सावकाश पण न अडखळता पुढे येत असेल तर तो थांबतो किंवा मागून निघून जातो. तुम्ही दचकून मध्येच ब्रेक मारलात तर त्याचा अंदाज चुकतो आणि तो येऊन आदळतो. म्हणून जावईबापूंना पहिल्या दिवशी एवढंच सांगा: इथे कोणाकडून काही हक्काने मागायचं नाही, आणि आपण पुढे काय करणार हे सगळ्यांना आधीच कळेल अशी गाडी चालवायची. बाकीचं सगळं यातूनच निघतं.

घरचे लोक शिकवण्याचा क्रम नेमका उलटा लावतात. म्हणतात, आधी हायवेला नेऊ, तिथे मोकळं असतं, हात बसला की गावात आणू. माझ्या मते यासारखा धोका दुसरा नाही. दाणा बाजारात पंधराच्या वेगाने चूक झाली तर बंपर खरचटतो, फार तर कोणाच्या हातगाडीवरचे टमाटे सांडतात. त्याची भरपाई होते. हायवेला ऐंशीच्या वेगात समोरून राँग साइडने ट्रॅक्टर आला तर दुसरी संधी मिळत नाही. त्यात नेदरलँड्सच्या माणसाला हायवेचीच सवय जास्त. २०२० पासून तिथे बहुतेक हायवेवर दिवसा ताशी १०० ची मर्यादा आहे आणि लोक ती पाळतात. समोरून कोणी येणार नाही, मध्ये कोणी बसलेलं नसेल, हे त्याने इतकी वर्षं गृहीत धरलेलं असतं. तेव्हा बाजार आधी, गावाकडचे रस्ते मग, दिवसाचा हायवे त्यानंतर, आणि रात्र सगळ्यात शेवटी. रात्र जमलीच नाही तरी काही बिघडत नाही.

पहिला धडा गाडीत नसतोच. त्याला टॉवर चौकात न्या आणि संध्याकाळच्या गर्दीत पायी रस्ता ओलांडायला लावा. पहिल्यांदा तो फूटपाथच्या कडेला उभाच राहील, गाड्या थांबायची वाट बघत. त्या थांबत नाहीत. मग हळूहळू त्याच्या लक्षात येईल की एका चालीने चालत राहिलं तर मोटारसायकली आपल्या मागून-पुढून निघून जातात, आणि पळालं किंवा मागे फिरलं तरच गोंधळ होतो. हे एकदा अंगात भिनलं की गाडीत बसून तेच करायचं असतं. त्यानंतर चार-आठ दिवस रिक्षात बसवून फिरवा. ड्रायव्हरशेजारी नव्हे, मागेच बसू द्या, पण नजर रस्त्यावर ठेवायला सांगा. रिक्षावाला कुठे वेग सोडतो, कुठे हॉर्न देतो, कोणाला वाट देतो आणि कोणाला अजिबात देत नाही, हे बघितलं की निम्मं काम होतं. डच माणूस सायकलवरच लहानाचा मोठा झालेला असतो. त्याला एखादी जुनी सायकल घेऊन दिलीत तर उत्तमच. वळताना मान फिरवून मागे बघायची त्यांची सवय इथे सोन्याची आहे, ती मोडू देऊ नका.

डावं-उजवं फार अवघड जात नाही. तिकडे उजव्या बाजूने चालतात, इथे डाव्या. गर्दीत चूक होत नाही, कारण सगळे त्याच बाजूने जात असतात. चूक होते ती रिकाम्या रस्त्यावर, पेट्रोल पंपातून बाहेर पडताना किंवा सकाळी सोसायटीच्या गेटमधून निघताना. तिथे तुम्ही शेजारी बसून फक्त "डावी" एवढं म्हणायचं. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांना इंडिकेटरची दांडी स्टेअरिंगच्या उजवीकडे असते, त्यांच्याकडे डावीकडे. त्यामुळे पहिला आठवडाभर वळताना वायपर फिरतील. फिरू द्या. डाव्या हाताने गिअर टाकायची सवय चार दिवसांत होते.

पहिले काही तास डबल कंट्रोलच्या गाडीतच काढा, म्हणजे शिकवणाऱ्याच्या पायाखाली वेगळा ब्रेक आणि क्लच असतो ती गाडी. सुट्टीच्या दिवशी सकाळी एमआयडीसीतल्या रुंद रस्त्यांवर सुरुवात करायची, मग पेठांमध्ये यायचं. मे महिन्यात येणार असाल तर आमची एक जुनी युक्ती आहे. पारा ४४-४५ ला गेला की दुपारी जळगावचे रस्ते ओस पडतात. एसी लावून अशा दुपारी फुले मार्केट, सुभाष चौक, बळीराम पेठ या सगळ्या गल्ल्या पाठ करून घ्यायच्या. कुठे वळायचं याची चिंता डोक्यातून गेली की संध्याकाळच्या गर्दीत नजर माणसांवर राहते.

आता खरी परीक्षा, अजिंठा चौफुली. धुळ्याकडून भुसावळकडे जाणारा महामार्ग, गावातून येणारा नेरी नाक्याचा रस्ता आणि छत्रपती संभाजीनगरला जाणारा रस्ता, सगळं एका सर्कलवर येऊन पडतं. समजा नेरी नाक्याकडून आलात आणि समोर संभाजीनगरच्या रस्त्याला लागायचंय. कायद्याने उजवीकडून येणाऱ्या, सर्कलमध्ये असलेल्या गाडीला आधी जाऊ द्यायचं. जावईबापू तेच करतील. उजवीकडून मोटारसायकल येईल, तिच्यामागे रिक्षा, तिच्यामागे ट्रेलर, मग परत तीन मोटारसायकली. रांग संपतच नाही. मागचे हॉर्न देत सुटतात, डाव्या बाजूच्या फटीतून दोघं पुढे घुसतात आणि आता समोर अर्धा फूटही जागा उरत नाही.

तिथे काय करायचं ते नीट ऐका. पहिला गिअर, क्लच अर्ध्यावर, गाडी थांबवायची नाही आणि पळवायचीही नाही, चाक बोटाबोटाने पुढे सरकत राहिलं पाहिजे. उजवीकडून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याचा चेहरा बघायचा नाही, तो मोबाइलवर बोलत असेल. त्याचं पुढचं चाक बघायचं. चाक तुमच्या बॉनेटच्या पुढच्या बाजूला वळलेलं असेल तर तो पुढून जाणार, तुम्ही तसूभर थांबा. चाक तुमच्या मागच्या दाराकडे वळलं की त्याने तुम्हाला वाट दिली, तेव्हा सरका. मोठ्या गाडीची तऱ्हा वेगळी. भरलेला ट्रेलर एकदा चालू झाला की ड्रायव्हर तुमच्यासाठी थांबवत नाही, त्याला जाऊच द्यायचं. तिथे हिंमत दाखवण्यात काही अर्थ नाही.

एक युक्ती जुने ड्रायव्हर वापरतात, तीही शिकवा. तुमच्या उजव्या हाताला एखादी एसटी सर्कलमध्ये शिरत असेल तर तिच्या डावीकडे, ड्रायव्हरच्या केबिनच्या बरोबरीने राहून तिच्यासोबतच पार व्हायचं. उजवीकडची सगळी वाहतूक एसटी अडवते आणि तुम्ही तिच्या आडोशाने जाता. पण आधी एसटीच्या कपाळावरची पाटी वाचायची. पाटीवर भुसावळ असेल तर ती डावीकडे, म्हणजे थेट तुमच्या अंगावर वळणार. पहूर किंवा सिल्लोड असेल तर सरळ जाणार. डच माणसाला देवनागरी येत नाही हे मला कळतं. म्हणून सुरुवातीला पाट्या तुम्ही वाचायच्या, आणि घरी बसून त्याला निदान दहा गावांची नावं ओळखायला शिकवायची. तालुक्याची नावं वाचता येणं इथे रस्त्याच्या चिन्हांइतकंच कामाचं आहे.

दिवे, इंडिकेटर आणि हात यांत तिकडची माणसं जास्त फसतात, म्हणून यावर जरा वेळ घालवा. युरोपात समोरच्याने हेडलाइट मिचकावला तर बहुतेक वेळा तो 'तुम्ही या, मी थांबतो' म्हणत असतो. इथे समोरच्याने डिप्पर मारला म्हणजे 'मी येतोय, तू थांब.' अर्थ पूर्ण उलटा. अरुंद पुलाच्या तोंडाशी हा घोळ झाला तर दोन्ही गाड्या समोरासमोर येऊन उभ्या राहतात. पुढच्या ट्रकने उजवा इंडिकेटर दिला तर त्याचे दोन अर्थ होतात: 'मी उजवीकडे वळतोय' किंवा 'माझ्या उजवीकडून पुढे निघून जा'. फरक कसा ओळखायचा? ट्रकचा वेग कमी होतोय का, तो मध्यभागाकडे सरकतोय का, पुढे उजवीकडे धाबा, पंप किंवा फाटा आहे का, हे बघायचं. यातलं एक जरी असेल तर ओव्हरटेक करायचं नाही. शंका असेल तरीही नाही. क्लीनरने खिडकीतून हात काढून पुढून मागे हलवला तर तो 'निघा' म्हणतोय, पण तो त्याच्या अंदाजाने सांगतोय. समोरचा रस्ता स्वतःच्या डोळ्यांनी दिसल्याशिवाय त्या हाताच्या भरवशावर जायचं नाही.

रिक्षावाले इंडिकेटरऐवजी पाय बाहेर काढतात. ज्या बाजूला पाय, त्या बाजूला रिक्षा. मोटारसायकलवर मागे बसलेली बाई पदर सावरत हात खाली हलवते, तो इशाराच असतो. काही लोक चौकात सरळ जायचं म्हणून चारही इंडिकेटर चालू करतात. ते चूक आहे, कारण बाजूने बघणाऱ्याला एकच दिवा दिसतो आणि तुम्ही वळताय असं वाटतं. हे जावईबापूंनी अजिबात उचलायचं नाही.

हॉर्नचं म्हणाल तर त्यांच्या देशात तो रागाने वाजवतात आणि इथे 'मी तुमच्या बाजूला आहे' एवढं सांगायला. महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने २०१५ मध्ये ट्रकच्या मागे 'हॉर्न ओके प्लीज' लिहायला बंदी घातली, पण लिहिलेलं गेलं तरी वाजवणं गेलेलं नाही. जावईबापूंना संकोच वाटेल, पहिले काही दिवस ते हॉर्नला हातच लावणार नाहीत. सांगा त्यांना: आंधळ्या वळणावर आणि मोटारसायकल ओलांडताना एक छोटासा हॉर्न द्यायचा. लांबलचक नाही, आणि ढोरांजवळ तर मुळीच नाही.

आता तुमचा नेहमीचा रस्ता, जळगावहून फैजपूर. यावल-फैजपूर-सावदा-रावेर हा बऱ्हाणपूर-अंकलेश्वरचा पट्टा दिसायला देखणा आहे, पण नवख्या माणसाला फसवतो. केळीच्या बागा थेट रस्त्याला येऊन भिडतात. केळी माणसापेक्षा उंच, त्यामुळे वळणापलीकडे काय आहे ते दिसत नाही. बागेतून शेतरस्ता कुठे निघतो तेही दिसत नाही. मोटारसायकलवाला मागे चाऱ्याचा भारा किंवा दुधाच्या कॅन लावून त्या हिरव्या भिंतीतून सरळ डांबरावर येतो, उजवीकडे बघतही नाही. त्याची पद्धतच तशी: आधी रस्त्यावर यायचं, मग बघायचं. म्हणून बागांच्या पट्ट्यात गाडी साइडपट्टीला चिकटवून चालवायची नाही, आपल्या लेनच्या उजव्या अंगाने ठेवायची आणि वेग इतका की समोर कोणी आलंच तर थांबता येईल. कापणी चालू असेल तिथे घड भरायला ट्रक कडेला उभे असतात, अर्धे डांबरावर. ट्रकच्या पुढून कोणीतरी माणूस खांद्यावर घड घेऊन निघणार हे धरूनच चालायचं. पडलेली पानं आणि बुंध्याचे तुकडे ओले असले की त्यावर ब्रेक लागत नाही.

पावसाळ्यात याच रस्त्यांवर दुसरी गोष्ट. आपली काळी माती ट्रॅक्टरच्या चाकांना चिकटून डांबरावर येते आणि त्यावर सर पडली की रस्ता साबणासारखा होतो. साइडपट्टी तर खचलेलीच असते. समोरून बस आली म्हणून डावं चाक डांबराखाली उतरलं तर माणूस घाबरून स्टेअरिंग झटक्याने उजवीकडे ओढतो. चाक कडेवर चढताना गाडी एकदम आडवी होऊन समोरच्या लेनमध्ये जाते. असे अपघात आमच्याकडे दर पावसाळ्यात होतात. चाक उतरलंच तर स्टेअरिंग सरळ धरा, ॲक्सिलरेटर सोडा, ब्रेक दाबू नका, गाडी तिसाच्या आत आली की मग अलगद वर घ्या. हे मी प्रत्येकाकडून रिकाम्या रस्त्यावर मुद्दाम करून घेतो. तुम्हीही घ्या.

गावोगावच्या गतिरोधकांवर पट्टे रंगवलेले असतील अशी अपेक्षा ठेवू नका. शाळा, मारुतीचं देऊळ, पानटपरी किंवा दहा-बारा घरं दिसली की गतिरोधक आहेच असं समजायचं. डांबरावर ब्रेकच्या काळ्या रेघा उमटलेल्या दिसल्या तर तो पुढच्या दहा पावलांवर आहे.

ढोरांसाठी नियम सोपा आहे: शेपटीकडून जायचं. गाय असो वा म्हैस, ती पुढे चालते, मागे सरकत नाही. बकरीचं मात्र खरं नाही, पिल्लू एका बाजूला आणि आई दुसऱ्या बाजूला असेल तर थांबाच. धुळे-साक्रीकडे पावसाळा संपला की ठेलारी लोक मेंढरं घेऊन निघतात, शे-दोनशे मेंढरं एका वेळी रस्त्यावर. त्यात गाडी घालायची नाही, हॉर्नही नाही. बंद करून उभे राहा, मेंढपाळ आणि त्याची कुत्री तुम्हाला वाट करून देतात. पाच मिनिटं जातात, फोटो मिळतो.

हायवे. महिना-दीड महिना गावात आणि गावाकडच्या रस्त्यांवर हात बसला की दिवसा धुळ्यापर्यंत जाऊन या. चौपदरी आहे, डिव्हायडर आहे, म्हणून जावईबापू सैल होतील. तिथेच शेजारच्याने जागं राहायचं. वळायला पुढच्या कटपर्यंत जायचा कंटाळा म्हणून लोक राँग साइडने येतात, आणि ते येतात नेमके डिव्हायडरला लागून किंवा साइडपट्टीने. वेगाने जाणारा माणूस उजव्या लेनमध्ये असतो आणि डिव्हायडरलगत येणारा त्याला उशिरा दिसतो. डिव्हायडरमधल्या झाडांतून माणसं आणि कुत्री एकदम बाहेर येतात ती वेगळीच. म्हणून ओव्हरटेक झालं की परत डाव्या लेनमध्ये. तिथेही उभी असलेली एसटी दिसली की वेग कमी करा. बसमधून उतरलेला माणूस बसच्या पुढूनच रस्ता ओलांडतो, हे ठरलेलं आहे. पुढच्या गाडीपासून अंतर सोडलंत की कोणीतरी त्यात घुसेल. चिडायचं नाही, परत अंतर सोडायचं. आपण दोन मिनिटं उशिरा पोहोचू, एवढंच.

दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या सुरू होतात. ट्रॉलीत कापूस इतका फुगवून भरलेला असतो की दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर येतो आणि ड्रायव्हरला मागचं काहीच दिसत नाही, आरसे असले तरी. दिवसा या गाड्या लांबून ओळखू येतात. रात्री नाही. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर मातीने माखलेला, वेग वीस. आता हिशोब बघा. ऐंशीच्या वेगाने गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. दिवे डिप्परवर, म्हणजे खाली झुकवलेले असले की पुढचा उजेड साधारण ५० मीटरपर्यंत पडतो. बिनदिव्याची ट्रॉली उजेडात दिसेपर्यंत आणि पाय ब्रेकवर जाईपर्यंत निम्मं अंतर संपलेलं असतं. उरलेल्या अंतरात ऐंशीची गाडी थांबत नाही. म्हणून रात्री पन्नासच्या वर नाही, आणि समोरून फुल लाइटवाला आला तर त्याच्या दिव्याकडे न बघता डावीकडच्या पांढऱ्या पट्टीकडे बघत वेग सोडायचा. सावखेड्याला जेवायला बोलावलं, उशीर झाला, तर तिथेच मुक्काम करा. जावयाला कोणी नाही म्हणत नाही.

घाटांबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगतो. तोरणमाळ आणि कन्नडचा घाट पहिल्या वर्षी ड्रायव्हर घेऊनच करा. बसून बघायलाही छानच आहेत.

आता गाडीच्या आतला गोंधळ. जावई चालवतोय म्हटल्यावर सासरे पुढे बसणार, मागे शालक, काकू आणि दोन पोरं. प्रत्येकाला गाडी येते किंवा येते असं वाटतं. एकाच वेळी "ब्रेक, ब्रेक!", "घे, घे, निघतं!", "अरे डावीकडून काढ!" असं तीन बाजूंनी सुरू होतं, तेही मराठीत. माणूस गांगरतो आणि चौकात गाडी बंद पडते. नियम करा: गाडीत एकच माणूस बोलेल, आणि तो त्याला कळेल अशा भाषेत, ठरलेल्या चार-पाच शब्दांत. बाकीच्यांनी खिडकीबाहेर बघायचं. वडिलांना हे सांगणं तुमचं काम, आम्ही सांगितलं तर रुसतात.

बाहेरच्यांचं वेगळंच. ड्रायव्हरच्या सीटवर गोरा माणूस दिसला की मोटारसायकलवाले बरोबरीने चालतात, मागचा मोबाइल काढून शूटिंग करतो, पुढचा मान वळवून बघत हसतो. त्या वेळी त्याची गाडी तुमच्या दाराला घासायला चार बोटं उरलेली असतात. जावईबापूंना हात हलवून हसावंसं वाटतं. हसू दे, पण आधी वेग कमी करून त्यांना पुढे जाऊ द्यायचं. कोणी चिडून "डोया फुटनात का रे!" ओरडलं तर ते मनावर घ्यायचं नाही. अहिराणीत शिवी समजण्याइतकी ओळख व्हायला त्यांना वेळ आहे, हे एका परीने बरंच.

धक्का लागलाच तर? नुसतं खरचटलं असेल तर बाजूला घेऊन शांतपणे बोला, बोलणं तुम्ही करा, त्यांनी गाडीजवळ उभं राहावं. कोणाला लागलं असेल तर पैशांच्या वाटाघाटी करत बसायचं नाही. १०८ ला फोन करून ॲम्ब्युलन्स, ११२ ला पोलीस. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे जखमीला उपचार मिळवून देणं ही चालवणाऱ्याची जबाबदारी आहे. जमावाच्या रोषामुळे तिथे थांबणं शक्यच नसेल, तर तेही त्याच कलमात धरलेलं आहे. अशा वेळी सरळ जवळच्या पोलीस ठाण्यात जायचं आणि तिथे सगळं सांगायचं. म्हणून पहिले काही महिने मराठी बोलणारं कोणीतरी गाडीत असलंच पाहिजे, यावर मी ठाम आहे.

दारूचा मुद्दा स्पष्ट सांगतो, कारण जेवणाबरोबर एखादी बिअर त्यांच्याकडे चालून जाते. तिथे अनुभवी चालकाला १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅमपर्यंत चालतं, आपल्याकडे मर्यादा ३० ची आहे. तिकडे जे कायद्यात बसतं ते इथे गुन्हा ठरू शकतं. चालवायचं असेल त्या दिवशी थेंबही नको.

गाडी छोटी घ्या, जुनी घ्या, आधीच चार ओरखडे असलेली. नव्या गाडीचा मालक ओरखड्याच्या भीतीने चुकीच्या जागी ब्रेक मारतो. आरसे घडी होणारे असावेत, गाडीला पोटाखाली उंची असावी. ऑटोमॅटिक मिळाली तर चौफुलीवरचं क्लचचं काम वाचतं, पण तीच हवी असं नाही. इन्शुरन्स चालू आहे ना ते आधी बघा. चालवणाऱ्याकडे इथे चालेल असा परवाना नसेल तर दंड भरावा लागतो आणि कंपनी क्लेमही अडवते.

तो परवाना म्हणजे १९४९ च्या जिनिव्हा कराराच्या नमुन्यातलं आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट. भारत त्या करारात आहे. ते एक वर्ष चालतं, आणि सोबत मूळ डच लायसन्सही कायम खिशात लागतं, एकटं परमिट उपयोगाचं नाही. वर्षाहून जास्त राहायचं ठरलं तर इथलं लायसन्स काढावं लागेल: आधी लर्निंग, ते सहा महिने चालतं, आणि ते हातात आल्यापासून तीस दिवसांनी पक्क्या लायसन्सची टेस्ट देता येते. आधार कार्ड नसलेल्याला लर्निंगची परीक्षा घरबसल्या देता येत नाही, आरटीओत जाऊन द्यावी लागते. पासपोर्ट, व्हिसा आणि इथल्या पत्त्याचा पुरावा घेऊन जा. परमिट मात्र जळगावच्या आरटीओत मिळणार नाही. डच लायसन्सवर ते नेदरलँड्समध्येच मिळतं, तिथली एएनडब्ल्यूबी ही वाहनचालकांची संघटना देते. विमानात बसण्याआधी काढून घ्या आणि घेताना १९४९ चा नमुना मागा, कारण १९६८ च्या कराराचं वेगळं असतं.